शाळेत मोबाईल: बॅगेत, पेटीत की घरी?

पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, मीटिंगला बालरथ स्कूलबसचा टाइम, युनिफॉर्मचं कापड आणि टॉयलेटमधलं पाणी एवढं बोलून झालं की कोणतरी मोबाईलचा विषय काढतो, आणि मग घरी जायची घाई असलेले लोकसुद्धा परत खुर्चीत बसतात. एकीकडे "आमच्या वेळेला कुठे होते मोबाईल, आम्ही शिकलो नाही काय" म्हणणारे बाप, दुसरीकडे "माझी मुलगी ट्यूशन करून काळोख पडल्यावर घरी येते, फोन नको तर मी तिला शोधू कुठे?" म्हणणारी आई, आणि मधे हेडमास्तर, त्यांना दोघांनाही हो म्हणायचंय. फोंडा घ्या, डिचोली घ्या, पेडणे घ्या, सगळीकडे हेच. पण नीट ऐकलं तर कळतं की बाप बोलतोय वर्गातल्या फोनबद्दल आणि आई बोलतेय रस्त्यावरच्या फोनबद्दल. शाळेच्या गेटच्या आत काय आणि बाहेर काय हे आधी वेगळं काढलं तर अर्धं भांडण तिथेच मिटतं.

उरलेलं अर्धं मात्र खरंच गुंत्याचं आहे, त्यात मेंदू आहे, संशोधन आहे, कायदा आहे आणि आपल्या गोव्याचं नेटवर्कपण आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो, बंदी बंदी म्हणून आपण जे ओरडतो त्याचे चार-पाच प्रकार असतात. एखादी शाळा म्हणते फोन आणायचाच नाही. दुसरी म्हणते आणा, पण सकाळी क्लासटीचरकडे जमा करा आणि सुटताना घेऊन जा. तिसरी म्हणते बॅगेत स्विच ऑफ करून ठेवा. काही ठिकाणी तासाला नको पण मधल्या सुट्टीत चालतो. आणि बऱ्याच ठिकाणी नियम असा काही नसतोच, त्या दिवशी कुठली टीचर आहे आणि तिचा मूड कसा आहे त्यावर सगळं. या प्रत्येकाचा परिणाम वेगळा येतो, पण पेपरात बातमी येताना सगळ्यांचं हेडिंग एकच, "शाळेत मोबाईलबंदी". म्हणून कोणी विचारलं की बंदीचा फायदा होतो काय, तर आपण उलट विचारायचं, कुठली?

जगात काय चाललंय ते भराभर सांगतो. फ्रान्समध्ये तासाला फोन वापरायला २०१० पासून मनाई होतीच, २०१८ ला कायदा करून साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत ती अख्ख्या दिवसाची केली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात सरकारी शाळांत २०२० पासून बंद, नेदरलँड्स आणि न्यूझीलंडमध्ये २०२४ पासून, ब्राझीलने जानेवारी २०२५ ला देशभरासाठी कायदा केला, दक्षिण कोरियाने ऑगस्ट २०२५ ला पास केला आणि मार्च २०२६ पासून लागू. युनेस्कोने २०२३ ला रिपोर्ट काढला तेव्हा चारातल्या एकापेक्षा कमी देशांत अशी मनाई होती, २०२४ संपेपर्यंत त्यांच्याच मोजणीत ७९ शिक्षणव्यवस्था झाल्या, म्हणजे साधारण ४० टक्के. म्हणजे हे काही आपल्या हेडमास्तरांचं जुनाट खूळ नाही.

पण यात न्यूयॉर्कची गोष्ट मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. तिथे मायकल ब्लूमबर्ग मेयर असताना मुलांनी शाळेत फोन आणायलाच बंदी होती आणि ती २००६ पासून कडक राबवायला लागले, काही शाळांच्या दारात तर मेटल डिटेक्टर, त्यामुळे लपवून नेणंपण शक्य नाही. मग झालं काय, तर शाळेच्या बाहेर गाड्या उभ्या राहायला लागल्या, सकाळी फोन गाडीवाल्याकडे द्यायचा, दुपारी परत घ्यायचा, दिवसाला एक डॉलर. मेटल डिटेक्टर होते ते जास्त करून गरीब वस्तीतल्या शाळांत, म्हणजे हा रोजचा डॉलर कोणाच्या खिशातून गेला ते बघा. २०१५ ला पुढचे मेयर बिल डी ब्लासिओ यांनी ती बंदी उठवली. आणि दहा वर्षांनी, २०२५ ला, न्यूयॉर्क राज्याने पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन परत बंद केले! पण या वेळी शाळेने फोन ठेवायची सोय करायची आणि आईबापांना मुलाशी कॉन्टॅक्ट करायचा काहीतरी रस्ता द्यायचा असं सोबत घातलं. पहिल्या वेळी "आणू नका" एवढं म्हणून सरकार मोकळं झालं होतं, ठेवायचा कुठे ते पोरांचं पोरांनी बघायचं. आपल्याकडे नियम करताना नव्वद टक्के वेळ "आणायचा की नाही" यावर जातो आणि ठेवायचा कुठे यावर कोणी बोलतच नाही, म्हणून ही गोष्ट एवढी लांबवली.

आता मुद्द्याचं. फोन बंद आहे, बॅगेत आहे, मग त्रास कसला?

अमेरिकेत टेक्सस युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१७ ला एक प्रयोग छापला, साधारण आठशे लोकांना लक्ष आणि स्मरणशक्तीच्या टेस्ट दिल्या, काहींचा फोन टेबलावर पालथा, काहींचा खिशात किंवा बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत. फोन सगळ्यांचे सायलेंट, कोणी हात लावला नाही. तरी ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत त्यांना सगळ्यात चांगलं जमलं. त्यांचं म्हणणं असं की न बघायलापण मेंदूला थोडी ताकद लावावी लागते. गॅसवर दूध ठेवून हॉलमध्ये पाहुण्याशी बोलत बसलं की कसं होतं, दूध उतू जात नाही तोवर काही झालेलं नसतं पण पाहुणा काय म्हणाला ते अर्धंच कानात शिरतं, तसं. हां, एक सांगायला पाहिजे, हाच प्रयोग नंतर इतरांनी केला तेव्हा काहींना असा फरक दिसला, काहींना नाही, त्यामुळे या एका प्रयोगावर शाळेचा नियम उभा करू नये.

त्याच्यापेक्षा पक्की गोष्ट म्हणजे एका कामातून दुसऱ्यात आणि परत पहिल्यात येण्याची किंमत. समजा दहावीचा गणिताचा तास चाललाय, टीचर फळ्यावर त्रिकोणमितीचं एक उदाहरण सोडवतेय, पाच पायऱ्यांचं. तिसऱ्या पायरीला पोराने बेंचखाली मेसेज बघितला, दहा सेकंद फक्त. वर बघेपर्यंत टीचर चौथ्या पायरीवर. आता चौथी कळायला तिसरी पाहिजे, ती बघितली नाही, पाचवी तर गेलीच, आणि उत्तर मात्र वहीत उतरलेलं असतं कारण ते फळ्यावर असतं. घरी आईने वही तपासली तर वही पूर्ण! शिवाय तो मेसेज वाचून झाला तरी डोक्यातून जात नाही, त्याला काय रिप्लाय द्यायचा हे मागे चालूच राहतं. सोफी लरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ मध्ये हेच मांडलं, की आधीच्या कामात लक्षाचा थोडा भाग अडकून राहतो आणि तेवढं लक्ष पुढच्या कामाला कमी पडतं. युनेस्कोच्या त्या रिपोर्टात तर असं आहे की एकदा लक्ष विचलित झाल्यावर परत नीट लागायला वीस मिनिटांपर्यंत लागू शकतात. आपला तास असतो पस्तीस-चाळीस मिनिटांचा.

आणि एक बाजू आपण कायम विसरतो, शेजारच्याच्या फोनची. माझ्या पोराकडे फोन नाही म्हणून मी निवांत, असं नसतं. पिसा म्हणून पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय परीक्षा असते (२०२२ च्या फेरीत भारत नव्हता), त्यात भाग घेतलेल्या ओईसीडी (जास्त करून श्रीमंत देशांचा गट) देशांत सरासरी ६५ टक्के मुलांनी सांगितलं की गणिताच्या निदान काही तासांना तरी डिजिटल उपकरणांमुळे आपलं लक्ष जातं, आणि ५९ टक्के म्हणाले की दुसऱ्यांच्या उपकरणांमुळे जातं. बेंचवर तिघं बसलेत आणि मधल्याच्या हातात रील चालू असेल तर बाकीचे दोघे काय फळ्याकडे बघणार?

मार्कांचं काय, हा प्रत्येक पालकाचा पुढचा प्रश्न. इथे मी तुम्हाला उगाच गाजर दाखवणार नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या एका केंद्राने २०१५ ला दोन संशोधकांचा इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांचा अभ्यास छापला, फोन बंद केल्यावर सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत काय फरक पडला म्हणून. सरासरी फरक छोटा निघाला, वर्षाला शाळेचे पाच दिवस जास्त मिळाल्यासारखा. पण तो सगळ्यांना सारखा वाटलेला नव्हता, जे आधीच अभ्यासात मागे होते त्यांना सरासरीच्या दुपटीहून जास्त फायदा, आणि जे पुढे होते त्यांना जवळजवळ काहीच नाही. मग स्वीडनमध्ये दुसऱ्यांनी तसाच अभ्यास केला तर तिथे फरक दिसलाच नाही. आणि आपल्याच देशातला एक मोठा प्रयोग २०२५ ला आला, कॉलेजच्या मुलांवर, साधारण सतरा हजार मुलं, काही वर्गांत तासाला फोन सक्तीने जमा आणि काही वर्गांत नाही, अशी चिठ्ठ्या टाकून वाटणी. जमा केलेल्या वर्गांचे ग्रेड थोडे वर गेले, आणि परत तेच, जास्त फायदा कच्च्या मुलांना आणि फर्स्ट इयरवाल्यांना.

म्हणजे बघा, पीटीएमध्ये सगळ्यात जोरात बोलतात ते हुशार मुलांचे आईबाप, "आमचा मुलगा जबाबदार आहे, फोन असला तरी त्याचे नव्वद टक्के येतात". येतात, कबूल. त्याच्यासाठी हा नियम नाहीच आहे. मागच्या बेंचवर जो आहे, ज्याच्या घरी रात्री अभ्यास घ्यायला कोणी नाही, ज्याला जे काय शिकायचं ते या पाच-सहा तासांतच, त्याच्यासाठी आहे, आणि त्याचे आईबाप बहुतेक वेळा मीटिंगला आलेले नसतात कारण त्यांना कामावरून सुट्टी मिळत नाही.

आता मनाच्या तब्येतीचं. टीव्हीवर असं सांगतात की शाळेत फोन बंद केला की मुलांचं टेन्शन, डिप्रेशन सगळं जाईल. इतकं सोपं नाही. बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०२५ ला लॅन्सेट या मेडिकल प्रकाशनाच्या एका जर्नलमध्ये अभ्यास छापला, ३० शाळा, १२२७ मुलं, काही शाळा कडक आणि काही मोकळ्या. मुलांच्या मानसिक आरोग्यात फरक सापडला नाही. कारणपण त्यातच आहे, कडक शाळांतली मुलं शाळेत फोन कमी वापरत होती पण आठवड्याचा एकूण वापर बघितला तर दोन्हीकडे जवळपास सारखाच, म्हणजे शाळेत वाचलेला वेळ घरी भरून काढला. पण त्याच अभ्यासात हेपण आहे की एकूण फोन जितका जास्त तितकी झोप, मूड, वर्गातली वागणूक खराब. तेव्हा रात्री अकराला अंथरुणात चालू असलेल्या फोनचं खापर हेडमास्तरांच्या माथी मारून उपयोग नाही, ते आपलं आपल्याला बघायचंय. नॉर्वेमधला एक अभ्यास थोडा वेगळं सांगतो, तिथे शाळांत फोन बंद केल्यावर एकमेकांना त्रास देणं कमी झालं आणि मुलींचं मानसिक त्रासासाठी डॉक्टरकडे जाणं कमी झालं. दोन्ही खरं असू शकतं. देश वेगळे, नियम वेगळे, मोजायची पद्धत वेगळी.

मला स्वतःला यातलं सगळ्यात पटणारं कारण मार्कांचं नाही आणि डिप्रेशनचंही नाही. ते आहे "सगळ्यांकडे आहे" या वाक्याचं. प्रत्येक घरात हे ऐकलंय. आठवीतली पोर म्हणते मम्मी सगळ्यांकडे आहे, फक्त माझ्याकडे नाही, आणि हे वाक्य निम्मं तरी खरं असतं म्हणून आपल्याला उत्तर सुचत नाही. एकट्या तुमच्या पोराकडचा फोन काढला तर ते एकटं पडतं, ग्रुपवर काय ठरलं, कोणाचा बर्थडे, कोण कोणावर हसलं, काहीच कळत नाही. म्हणून फोन सोडणं एकट्याला महाग पडतं आणि सगळ्यांनी मिळून सोडलं तर कोणालाच महाग पडत नाही. हे अंदाजाने बोलत नाहीये. अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना काही अर्थशास्त्रज्ञांनी विचारलं की चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायला किती पैसे घ्याल, तर सरासरी ५० डॉलरच्या वर मागितले. मग विचारलं, तुमच्या कॉलेजातल्या सगळ्यांचंच बंद केलं तर? तेव्हा मुलं उलट स्वतःच्या खिशातले पैसे द्यायला तयार झाली! म्हणजे आवडतं म्हणून वापरत होते असंही नाही, बाकीचे आहेत म्हणून अडकलेले. शाळेचा नियम नेमकं हे करू शकतो जे कुठलाच बाप एकटा करू शकत नाही, सकाळी पावणेआठ ते दुपारी दीडपर्यंत "सगळ्यांकडे आहे" याचं "कोणाकडेच नाही" करणं. मधल्या सुट्टीत मग पोरं एकमेकांच्या डब्यात हात घालतात, भांडतात, ग्राउंडवर जातात.

म्हणूनच "बॅगेत स्विच ऑफ" हा नियम मला सगळ्यात वाईट वाटतो. ऐकायला मधला मार्ग, पण त्यात कोणाचा फोन बंद आहे आणि कोणाचा सायलेंटवर आहे हे कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे "सगळ्यांकडे आहे" चालूच राहतं. वर टीचरला पोलीस व्हायला लागतं, प्रत्येक तासाला कोणाचा तरी हात बॅगेत, मग "दाखव बघू", मग "मी काय नाही केलं टीचर", त्यात दहा मिनिटं जातात. अमेरिकेत २०२३ ला दोनशेच्या आसपास मुलांच्या फोनमध्येच ॲप टाकून बघितलं होतं, तर ९७ टक्के मुलं शाळेच्या वेळात फोन वापरत होती, मधला आकडा ४३ मिनिटं. त्यातल्या कितीतरी शाळांत कागदावर कसला ना कसला नियम असणारच की.

आता आईकडे येऊया, ती रस्त्यावरच्या फोनबद्दल बोलत होती आणि तिचं चूक नाही. गोव्यातली शाळा म्हणजे शेजारच्या गल्लीतली शाळा असं प्रत्येकाचं नसतं. दिवाडीहून फेरीने येणारं पोर आहे, मोल्याच्या आतल्या वाड्यावरून बस धरणारं आहे, ज्यांना बालरथ नाही ते कदंबच्या नाहीतर प्रायव्हेट बसच्या भरवशावर. जुलैमध्ये रेड अलर्ट आला की कधी कधी शाळा बंद ठेवायची वेळ येते, २०२४ ला तसं झालंच, आणि तासाभरात धो-धो पाऊस सुरू झाला की घरी काळजी वाटणारच. पण या सगळ्यात फोन लागतो तो गेटच्या बाहेर. जमा करायच्या पद्धतीत दीड वाजता तो परत हातात. गेटच्या आत असताना मुलाला ताप आला, पाय मुरगळला, तर आईला शाळेने कळवायचं असतं, पोराने बेंचखालून नव्हे. आणि एखादं खरंच संकट आलं, आग म्हणा, भिंत पडली म्हणा, तर चारशे पोरं एकदम चारशे घरी फोन लावतील, अर्धवट बातमी गावभर जाईल आणि सगळे आईबाप स्कूटर घेऊन त्याच अरुंद रस्त्यावर, ज्यावरून ॲम्ब्युलन्स यायचीय. टीचरचं ऐकायच्या वेळेला पोरांचं तोंड स्क्रीनमध्ये असणं हे त्या वेळेला सगळ्यात धोक्याचं.

फक्त यात शाळेनेपण आपली बाजू सांभाळायला हवी. ऑफिसचा फोन उचलला गेला पाहिजे. पालकाने निरोप दिला की "आज आजी न्यायला येईल", तो पोरापर्यंत पोचला पाहिजे. ज्या शाळेचा लँडलाइन वर्षभर मेलेला आहे आणि क्लार्क साहेब अकरा वाजता येतात तिथे आई पोराच्या बॅगेत फोन टाकणारच, मीपण टाकेन. आणि दुसरं, गृहपाठ व्हॉट्सॲपवर. रात्री साडेनऊला ग्रुपवर फोटो येतो, "उद्या हे चार्ट पेपरवर करून आणा", आणि सकाळी तीच शाळा सांगते मुलांना मोबाईलची सवय लावू नका! ही सवय लागली कोविडमध्ये, तेव्हा दुसरा रस्ताच नव्हता. २०२० ला सत्तरी-सांग्यातली भुरगी रेंज मिळावी म्हणून डोंगरावर चढून बसायची, पेपरात फोटो आले होते, आणि ज्यांच्या घरी कधी फोन घ्यायचा विचार नव्हता त्यांनी उसने काढून घेतले. शाळा उघडल्या, फोन राहिले. आता "असर" नावाचा जो ग्रामीण भारताचा सर्वे होतो त्याच्या २०२४ च्या आकड्यात १४ ते १६ वर्षांच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, आणि त्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. आपण दिला अभ्यासाला, गेला कुठे ते दिसतंय. गृहपाठ वहीत लिहून द्या, संपला विषय.

कायद्याचं थोडक्यात. सीबीएसईने २००९ लाच शाळांत मोबाईल नको म्हणून सर्क्युलर काढलं होतं. अलीकडचं महत्त्वाचं म्हणजे दिल्ली हायकोर्टाचा २०२५ चा निकाल, केंद्रीय विद्यालयातल्या एका मुलाचं प्रकरण होतं, न्यायमूर्ती अनूप जयराम भंभानी. त्यांनी म्हटलं की शाळेत फोन आणायलाच सरसकट बंदी योग्यही नाही आणि जमणारंही नाही, पण वापरावर नियम हवा, शक्य असेल तिथे येताना जमा आणि जाताना परत, वर्गात वापर नाही, शाळेच्या आवारात आणि बसमध्ये कॅमेरा-रेकॉर्डिंग नाही, सुरक्षेसाठी आणि घरच्यांशी संपर्कासाठी चालेल पण करमणुकीसाठी नाही, आणि नियम मोडला तर फोन काढून घेणं ही शिक्षा चालू शकते. धोरण आईबाप आणि टीचर यांच्याशी बोलून ठरवा असंही सांगितलं. आपण दिल्लीच्या नव्हे तर मुंबई हायकोर्टाच्या पर्वरीच्या खंडपीठाखाली येतो त्यामुळे तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण एखादी शाळा नियम लिहायला बसली तर तो समोर ठेवून लिहावा इतका व्यवहारी आहे. आणि गोव्याचा स्वतःचा बाल कायदा आहे, २००३ चा, त्यात शाळेत मारायला मनाई आहे. म्हणजे फोन सापडला म्हणून कानाखाली वाजवली तर चूक पोराची राहत नाही, टीचरची होते. फोन आपटून फोडणे, सगळ्या वर्गासमोर त्यातले मेसेज वाचून दाखवणे हेपण नको, काढून घ्या, पाकिटात घाला, नाव लिहा, पालकाला बोलवून द्या.

याच्यात एक गोंधळ होतो तो सांगतो, सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडिया बंद ही वेगळी गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियाने ती १० डिसेंबर २०२५ पासून लागू केली, आणि आपले आयटी मंत्री रोहन खंवटे जानेवारी २०२६ ला बोलले की गोवापण त्या कायद्याचा अभ्यास करतोय. ती बंदी आली किंवा नाही आली तरी शाळेतल्या फोनचा प्रश्न तिथेच राहतो, कारण तासाला क्रिकेटचा स्कोअर बघायला सोशल मीडिया लागत नाही.

आता जमा करायचे म्हणजे करायचे कसे, इथे सगळी गाडी अडते. मुख्य भीती, हरवला तर भरून कोण देणार. वीस हजाराचा फोन, टीचरचा जीव खालीवर. परदेशात योंडर नावाची कंपनी लॉकवाली पाऊच विकते, फोन मुलाकडेच राहतो पण शाळेतल्या मॅग्नेटशिवाय पाऊच उघडत नाही, मस्त आयडिया पण प्रत्येक पोरामागे खर्च. आपल्याकडे भिंतीवर टांगायचा कापडी कप्प्यांचा चार्ट, रोल नंबर घातलेला, नाहीतर एक लाकडी पेटी आणि ऑफिसातलं कपाट, एवढ्यात होतं. वर्षाच्या सुरुवातीला पालकाकडून एका कागदावर सही घ्या, कुठल्या मुलाला फोन का लागतो ते त्यात लिहा, भारीतला फोन नको, साधा बटणवाला दिला तर उत्तम असं सुचवा. ज्यांना कारण नाही त्यांचा आपोआप घरी राहतो, आणि पेटीत चाळीस ऐवजी बारा फोन येतात. आणि सूट ज्यांना द्यायची त्यांना आधीच लेखी द्या, डायबेटिस असलेल्या मुलाचा शुगरचा सेन्सर फोनला जोडलेला असू शकतो, एखाद्याला कमी दिसतं म्हणून फळ्याचा फोटो मोठा करून वाचायला लागतो, असल्या मुलाला प्रत्येक टीचरपुढे वेगळं उभं राहून समजावायला लागू नये.

टीचरच्या फोनचं काय असंही पोरं विचारतात, आणि विचारूदेत. हजेरी, ग्रुप, सरकारी ॲप सगळं त्यांच्याच फोनवर लादलेलं आहे हे खरं, पण तासाला टेबलावर ठेवून मधे मधे स्क्रोल करणारी टीचर असेल तर त्या पेटीला काही किंमत उरत नाही. स्टाफरूममध्ये ठेवा ना, पस्तीस मिनिटांचा प्रश्न आहे.

हे सगळं दहावीपर्यंतचं. हायर सेकंडरीला मी इतका कडक राहणार नाही. सोळा-सतराची पोरं, काही जण दोन बस बदलून येतात, अर्ध्यांचं एंट्रन्सचं मटेरियल फोनवर, आणि पुढच्या वर्षी कॉलेजात कोणी पेटी घेऊन उभा राहणार नाही. तिथे तासाला आणि लॅबमध्ये चार्टात, कॅन्टीनमध्ये मोकळा, आणि नियम त्यांच्याच क्लास रिप्रेझेंटेटिव्हना बसवून लिहायला लावा, कॅमेऱ्याचं कलम तेवढं शाळेने स्वतः लिहावं आणि त्यात काही सूट ठेवू नये, कारण एखाद्या मुलीचा चोरून काढलेला व्हिडिओ एकदा फिरला की मग पीटीए पण काही करू शकत नाही आणि प्रकरण सरळ पोलीस स्टेशनला जातं, आयटी ॲक्ट आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) याखाली, मग काढणारा सतरा वर्षांचा असला तरी.